एक, तीन, चार, दोन

पार्सल चार दिवस इंदूरलाच होतं. सकाळी उठल्याबरोबर मी फोनवर बघायचे, चहा गाळताना बघायचे, ऑफिसची मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून बघायचे. आई एकदा म्हणाली, "अगं, तू बघितल्याने त्याला पाय फुटणार आहेत का?" मी म्हटलं नाही, आणि पुन्हा बघितलं.

आमच्या ॲम्बेसेडरसाठी मी इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर मागवला होता. इंजिनाच्या चार प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा तो भाग. गाडीत जुना होता तो बाबांच्या हातचा, म्हणजे पस्तीस वर्षं त्याला बाबांशिवाय फारसं कुणी शिवलेलं नव्हतं. आणि आता बाबांचा तो हातच चालेनासा झाला होता.

बाबांना झटका येऊन तेव्हा तीन महिने होत आले होते. फेब्रुवारीत आईचा फोन आला तशी मी पुण्याहून पंधरा दिवसांसाठी म्हणून निघाले, आणि मे लागला तरी ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरमच्या घरातच होते. मी एकुलती एक. ऑफिसचं काम लॅपटॉपवर करता येत होतं, त्यामुळे निघायला सबळ कारण नव्हतं आणि राहायला मन नव्हतं. नवरा दर रविवारी विचारायचा, "मग, काय ठरलं?" मी म्हणायचे, बघू. फोन ठेवला की घरात येरझाऱ्या घालायचे. एका जागी बसून मी त्या दिवसांत जेवलेलीसुद्धा मला आठवत नाही.

बाबांचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. पाय हळूहळू सुधारत होता, काठी घेऊन फाटकापर्यंत जायचे. वाचा मात्र गेली होती. म्हणजे आवाज होता, शब्द जागेवर नव्हते. पाणी हवं असलं की "तारीख, तारीख" म्हणायचे. आईला माझ्या नावाने हाक मारायचे आणि मला कुठल्याच नावाने नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हो आणि नाही यांची अदलाबदल व्हायची. दरवेळी होत असती तर आम्ही उलट धरून चाललो असतो. पण ती कधी व्हायची, कधी नाही.

आठवड्यातून दोनदा एक तरुण स्पीच थेरपिस्ट यायची. आई तिला मास्तरीण म्हणायची. ती बाबांपुढे बोटं धरायची. "अंकल, गिनती करते हैं. एक... एक के बाद?"

बाबा फार विचार करून म्हणायचे, "तीन."

"नहीं अंकल, दो. फिर से. एक..."

"तीन," बाबा म्हणायचे आणि मान फिरवून घ्यायचे. मग त्या दिवशी ते काहीच बोलायचे नाहीत.

गाडीबद्दल सांगायला हवं. आम्ही पूर्वी खासगी बाजार नावाच्या पेठेत राहायचो. तिथल्या गल्लीत सायकल आणि हातगाडी एकमेकांना जेमतेम ओलांडतात. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि खात्यातल्याच एका साहेबांकडून त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हा ती उभी कुठे करणार याचा विचारच केला नव्हता. दोन वर्षं ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची आणि दोन वर्षं बाबा तिच्या काळजीने रात्रीचे उठायचे. शेवटी त्यांनी हरिशंकरपुरमला प्लॉट घेतला आणि नकाशावर सगळ्यात आधी पोर्च काढला. घर गाडीसाठी बांधलं, आम्ही त्यात राहतो, असं आई पाहुण्यांना सांगते. बाबांच्या घराण्यात एके काळी शिलेदारी होती. गाडीवरून वाद झाला की आई ते हमखास काढायची: "घोडं गेलं, पण खरारा करायची खोड काही गेली नाही."

खरारा खराच असायचा. जुन्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट नावाचे दोन इवलेसे धातूचे तुकडे असतात. इंजिन चालू असताना ते सारखे मिटतात आणि उघडतात. उघडले की एका प्लगला ठिणगी जाते. ठिणग्यांनी ते जळतात, खडबडीत होतात, मग गाडी अडखळायला लागते. ते घासायचे आणि दोघांमधली फट पुन्हा नेमकी जुळवायची, पोस्टकार्डाच्या जाडीहून थोडी जास्त. बाबा एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी हे करायचे. मला त्यांनी गाडी शिकवली, प्लग काढायला शिकवलं, टायर बदलायला शिकवलं. पॉइंट मात्र त्यांचे. "तुझा हात जड आहे," म्हणायचे.

एप्रिलमध्ये मी पडावच्या मिस्त्रींना फोन केला. स्टेशनच्या बाजूला त्यांचं छोटं गॅरेज आहे, बाबांचा आणि त्यांचा वीसेक वर्षांचा परिचय. ते स्कूटरवर आले, पॉइंट घासून दिले, गाडी सुरू झाली. बाबांचा चेहरा इतका खुलला की मी दुसऱ्याच दिवसापासून त्यांना फिजिओथेरपीला गाडीने न्यायला लागले. रिक्षात त्यांना चढवणं हे दोन माणसांचं काम होतं. गाडीत ते स्वतः बसायचे, आधी पाठ टेकायची, मग डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घ्यायचा.

दहा-बारा दिवस बरे गेले. मग एका दुपारी पडावच्या पुलावर, चढावर, गाडी दोन हिसके देऊन बंद पडली. मागे बस. बसच्या मागे काय होतं ते मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी किल्ली फिरवत राहिले. स्टार्टर गुरगुरायचा आणि इंजिन उचलायचं नाही. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. बाबांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं होतं, काठी बाहेर टेकली होती आणि ते उतरत होते. बॉनेट उघडायला. एक टेम्पो त्यांच्या दाराला घासून गेला, अक्षरशः घासून, त्याची ताडपत्री दारावर फटकन वाजली.

"आत बसा!" मी ओरडले. "बाबा, आत बसा म्हणते ना! वेड लागलंय का तुम्हाला?"

आयुष्यात मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. त्यांनी पाय आत घेतला, दार लावलं आणि समोर बघत बसले. चार माणसांनी ढकलून गाडी पुलाखाली आणली. इंजिन थंड झाल्यावर ती कशीबशी सुरू झाली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमधून खण्णकन आवाज आला. मी धावले. बॉनेट उघडं होतं. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून बाबांनी डाव्या हाताने पॉइंटचा स्क्रू सोडवला होता आणि तो गव्हाच्या दाण्याएवढा स्क्रू आत, खालच्या भोकात पडला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर फेकून दिला होता. तुळशीशेजारची कुंडी फुटली होती. ते फरशीवर बसले होते, पाय पसरून, आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "विकून टाकू या ती. मला बघवत नाही आता."

त्या दुपारी मी इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर शोधून काढला. यात पॉइंटच नसतात. चुंबक आणि एक बंद डबी, झिजायला काही नाही, घासायला काही नाही, फट जुळवायला काही नाही. एकदा बसवला की विसरून जायचं. मी फोनवर फोटो काढून बाबांसमोर धरला.

"बाबा, हा बसवू का आपल्या गाडीत? मग ती अशी बंद पडणार नाही."

त्यांनी बराच वेळ फोटो बघितला. मग "नाही" म्हणाले आणि मान वरखाली हलवली.

"म्हणजे बसवू?"

"नाही, नाही," म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं.

मी तो होकार धरला. मला होकारच हवा होता.

पार्सल आलं त्या दिवशी मी मिस्त्रींना फोन लावला. ते भाचीच्या लग्नासाठी दतियाला गेले होते, आठ दिवसांनी येणार होते. म्हणाले, "बेटी, रुक जाओ. आके लगा देंगे. जल्दी क्या है?"

घाई कसली, हे मला सांगता आलं नसतं. आठ दिवस ती पेटी समोर ठेवून बसणं मला शक्य नव्हतं, एवढंच खरं. मी म्हटलं, मी लावून बघते. ते म्हणाले, "तो पहले अर्थ देख लेना. पुरानी गाड़ी में उलटी होती है. उलटी में लगाया तो डबी गई."

अर्थ म्हणजे अर्थिंग. पूर्वीच्या गाड्यांमध्ये बॅटरीची अधिक बाजू लोखंडाला जोडलेली असायची. मी टॉर्च घेऊन बघितलं तर बॅटरीखालच्या पत्र्यावर बाबांच्या अक्षरात पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं: 'उणे = बॉडी'. त्यांनी ते केव्हाच बदलून घेतलं होतं. पुढे मागे कोणीतरी चुकेल म्हणून लिहूनही ठेवलं होतं. मला एकदम धीर आला.

मे महिन्यात ग्वाल्हेरला काम करायचं तर सकाळी सहाला. नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नाही. बाबा माझ्याआधीच वेताच्या खुर्चीत येऊन बसले होते. मी पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा धरला आणि दुसऱ्या हाताने इंजिन हळूहळू फिरवलं. अंगठ्याखाली हवा दाबली गेली, पुलीची खाच खुणेसमोर आली. पहिल्या सिलिंडरची ठिणगीची वेळ ती हीच. इथपर्यंत मला बाबांनीच शिकवलेलं होतं. जुन्या डिस्ट्रिब्यूटरचा मोबाइलवर फोटो घेतला, वायरी काढल्या, क्लॅम्प सैल केला आणि त्याला वर ओढलं. तो निघेना. मग एकदम निघाला, आणि मी तोल जाऊन मागे आले. बाबांनी हात पुढे केला. मी जुना डिस्ट्रिब्यूटर कागदावर ठेवला आणि नवा हातात घेतला.

नवा छान बसला. लाल वायर ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या अधिकला, काळी उण्याला. आता चार प्लगच्या चार वायरी उरल्या. फोटो बघितला तर तो निरुपयोगी होता. जुन्या झाकणात वायरी बाजूने जात होत्या, नव्यात वरून. पण सोबत आलेल्या कागदावर चित्र होतं, गोल बाण काढलेला, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पहिली कुठे लावायची ते रोटर, मधलं फिरतं पातं, दाखवत होता. तिथून बाणाच्या दिशेने, कागदावर दिलेल्या क्रमाने, मी पुढच्या तीन लावल्या.

किल्ली फिरवली. गाडी लगेच पेटली, पण कशी! सबंध बॉनेट हादरत होतं, इंजिन लंगडत होतं, कार्बोरेटर फुसफुसत होता, आणि मग सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या घरातले काका बनियनवर बाहेर आले. मी किल्ली बंद केली. आई हातातलं पातेलं तसंच घेऊन दारात उभी.

बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांचा डावा हात हवेत होता आणि ते तो फिरवत होते, उलटा. स्क्रू सैल करताना फिरवतो तसा. "ए... ए..." म्हणत होते आणि हात उलटा फिरवत होते.

सैल कर. काढ. मला तेवढंच दिसलं.

"बाबा, थांबा, चुकलंय काहीतरी, बघते मी."

त्यांनी आणखी जोराने हात फिरवला. मी कॉइलच्या वायरी काढून पुन्हा लावल्या. किल्ली फिरवली. पुन्हा तेच लंगडणं, पुन्हा बार. बाबांनी काठी फरशीवर आपटली आणि हात उलटा फिरवला. नऊ वाजले, ऊन पोर्चमध्ये आलं आणि मी बॉनेट लावून टाकलं.

तो दिवस मी कसा काढला मला सांगता येणार नाही. मीटिंगमध्ये कोणी काहीतरी विचारलं त्याला मी भलतंच उत्तर दिलं. विक्रेत्याच्या फोनवर एक मुलगा म्हणाला, "मैडम, किसी मैकेनिक से लगवाइए." दुपारभर मी कुलरसमोर उभी राहायचे, मग पोर्चमध्ये जायचे, तापलेल्या बॉनेटला हात लावून परत यायचे. बाबा पलंगावर पडून माझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं, त्यांना कधीच नको होता तो. "नाही" म्हणाले होते ते नाहीच होतं. मी माझ्या सोयीने मान बघितली आणि शब्द सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा. पुन्हा पहिला प्लग, पुन्हा अंगठा, पुलीची खाच, सगळं बरोबर. किल्ली, हादरा, बार. आणि बाबांचा हात, उलटा, उलटा, उलटा.

माझं डोकं फिरलं. "जुनाच पाहिजे ना तुम्हाला?" मी म्हटलं. "जुना पाहिजे? घ्या मग! कोण बसवणार आहे त्याचे पॉइंट? तुम्ही?" आणि कागदावरचा जुना डिस्ट्रिब्यूटर उचलून मी त्यांच्या मांडीवर ठेवला. ठेवला म्हणते, आपटला.

बोलून झाल्यावर मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. पण बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तो डिस्ट्रिब्यूटर दोन गुडघ्यांमध्ये आवळून धरला, डाव्या हाताने त्याचं झाकण उडवलं आणि रोटर, ते मधलं फिरतं पातं, बोटाने ढकललं. एका बाजूला ते थोडंच हललं आणि स्प्रिंगने मागे आलं. मग खाली हात घालून त्यांनी दांडाच फिरवला. पातं गरागरा फिरलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सावकाश फिरवलं, घड्याळाच्या उलट. पातं एकेका वायरीच्या जागेसमोर यायचं तिथे ते थांबायचे.

"एक," बाबा म्हणाले.

फिरवलं. "तीन."

फिरवलं. "चार."

फिरवलं. "दोन."

स्वच्छ. चारही शब्द, न अडखळता, त्यांच्या ऑफिसच्या आवाजात. मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, मला कळलं नाही असं वाटून, थोड्या वैतागाने: "एक, तीन, चार, दोन."

आई दारातून बाहेर आली. तिचे हात पिठाचे होते. "अगं," ती म्हणाली, "मास्तरणीला हेच तर सांगत होते ते."

या इंजिनात ठिणगी ज्या क्रमाने जाते तो क्रम एक, तीन, चार, दोन. आणि या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. कागदावरचा बाण कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा होता. मी क्रम बरोबर लावला होता पण उलट्या दिशेने, त्यामुळे एक आणि चार आपल्या जागी होते आणि तीन आणि दोन एकमेकांच्या. दोन सिलिंडर चालत होते, दोन भलत्या वेळी पेटत होते. बाबा काल सकाळपासून मला हे सांगत होते. एवढंच सांगत होते.

मी दोन वायरींची अदलाबदल केली. टोपणं घट्ट दाबून बसवली. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फेरीत पेटलं आणि चालत राहिलं, न हादरता. बाबा खुर्चीत मागे टेकले. मी गाडीतून उतरले, त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, "सॉरी." त्यांनी डाव्या हाताने माझ्या गालावरचं काळं पुसलं. ते आणखी पसरलं.

मिस्त्री दतियाहून आले ते बेडईचं, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्यांचं, पुडकं घेऊनच. आईने त्यातलं बाबांना अर्धंच दिलं. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्यूटर किंचित इकडेतिकडे फिरवत, कान लावून, टायमिंग बसवलं आणि क्लॅम्प आवळला. बाबांनी काठीने बंपरवर टकटक केलं.

"क्या साहब? ठीक नहीं?"

बाबा उठले, मडगार्डला धरून पुढे आले आणि त्यांनी डिस्ट्रिब्यूटरकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी क्लॅम्प पुन्हा सैल केला. "तार को मत छूना साहब, इसका करंट तेज़ है." बाबांनी तो केसभर फिरवला. मला आवाजात काहीच फरक कळला नाही. मिस्त्रींनी मान तिरकी करून ऐकलं, हसले आणि आहे तिथेच आवळून टाकला. "कान तो साहब का ही है," मला म्हणाले. त्या दुपारी मी पुलाचा चढ तिसऱ्या गियरमध्ये चढले. बाबा खिडकीवर कोपर टेकून बसले होते.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या रविवारी सकाळी बाबा पोर्चमध्ये गेले, बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरवरून फडकं फिरवलं. बॉनेट लावलं. फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा उघडलं. आई खिडकीतून बघत होती. "गाडी बरी झाली," ती म्हणाली, "आता रविवारी ह्यांचं काय करायचं?"

मग मी आणि बाबा, दोघेही फिरत होतो. ते पोर्चमध्ये, मी घरात. मला वाटायला लागलं, की मी त्यांचं काम सोपं केलं नाही, काढून घेतलं. ते मला त्यांनी करू दिलं होतं की नव्हतं, हेही मला माहीत नव्हतं. शेवटी मी थेरपिस्टला विचारलं. ती म्हणाली, "हाँ-ना में मत पूछिए. दोनों चीज़ें सामने रखिए, उठाने दीजिए." इतकं साधं होतं. तीन महिन्यांत मला सुचलं नव्हतं.

मी डायनिंग टेबलवर जुना डिस्ट्रिब्यूटर ठेवला आणि शेजारी गाडीची किल्ली. म्हटलं, "बाबा, हा परत गाडीत बसवायचा असेल तर हा माझ्याकडे द्या. नवाच राहू द्यायचा असेल तर किल्ली द्या. मी काहीही करीन, खरंच."

त्यांनी दोन्हींकडे बघितलं. घाई केली नाही. मग किल्ली सरकवत सरकवत टेबलाच्या माझ्या कडेला आणली आणि माझ्यासमोर सोडली. जुना डिस्ट्रिब्यूटर उचलून स्वतःच्या पुढ्यात घेतला आणि त्यावर पंजा ठेवला. गाडी तू चालव, हा माझ्यापाशी राहील. याचा दुसरा काही अर्थ मला लावता आला नाही, आणि लावायची गरजही नव्हती.

पडावला जाऊन मी पॉइंटचे दोन नवे जोड आणि मूठभर ते बारीक स्क्रू आणले. मिस्त्रींनी लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून दिलं, त्यात डिस्ट्रिब्यूटर उभा राहायचा, म्हणजे धरायला दुसरा हात लागायचा नाही. बाबा रोज सकाळी व्हरांड्यात बसून डाव्या हाताने पॉइंट उघडायचे आणि बसवायचे. स्क्रू पडायचे. आईने खाली जुनी पांढरी चादर अंथरली. पहिला आठवडा ते चिडायचे, एकदा ठोकळाच ढकलून दिला. दुसऱ्या आठवड्यात फट मोजायची पातळ पट्टी त्यांच्या बोटांत राहायला लागली. थेरपिस्ट आता तिथेच मोडा, वेताचं बुटकं आसन, घेऊन बसायची आणि एकेका वस्तूचं नाव विचारायची. 'स्क्रू' आला. 'पाना' आला. पाण्याला अजून तारीखच म्हणायचे.

जूनच्या मध्यावर मी पुण्याला परतले. निघताना गाडी कोण चालवणार हा प्रश्न होताच. मिस्त्री म्हणाले, "इतवार को मैं आ जाया करूँगा. अब इसमें मेरा काम तो कुछ बचा नहीं, पर साहब को घुमा लाऊँगा." ते खरोखरच येतात. बाबांना शेजारी बसवून मोरारपर्यंत फेरी मारतात, चहा पितात आणि जातात.

पुण्यात मला अजून चैन नाही. घरात असले तर ग्वाल्हेरला असायला हवं होतं असं वाटतं, तिकिटं बघते, काढत नाही. फोन मात्र सारखे करते. मागच्या आठवड्यात समोरचे काका आपली जुनी स्कूटर घेऊन बाबांकडे आले, सुरू होत नव्हती. तिलाही पॉइंटच असतात. बाबांनी अर्धा दिवस घेतला आणि बसवून दिले. तिसऱ्या दिवशी काका परत आले, फट जास्त झाली होती. बाबांनी न रागावता पुन्हा उघडली.

काल मी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा आईने उचलला. "दे ना त्यांना," मी म्हटलं.

"आत्ता नाही येत ते," आई म्हणाली. "हात तेलाचे आहेत. तू संध्याकाळी कर."